माहेरी घेतलेल्या दोन सुया

डॉ. इंदू कंधारकर यांच्या नावावर अकरा शोधनिबंध आहेत. त्यांतले दहा फारसे कुणी वाचले नाहीत, असं त्या स्वतःच सांगतात. अकरावा वाचला गेला. १९९७ साली तो छापून आला आणि पुढच्या नऊ वर्षांत त्रेचाळीस निबंधांनी त्याचा संदर्भ दिला. नांदेडच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेसाठी हा आकडा मोठा होता. तिथल्या प्रयोगशाळेत तेव्हा एकच चालू फ्रीज होता आणि त्यात उन्हाळ्यात स्टाफरूमचं पाणीही ठेवलं जाई.

सुरुवातीला हे संदर्भ मोजायची सोय नव्हती. निबंधाची प्रत मागणारी पोस्टकार्डं यायची, तेवढंच कळायचं. लिमा, काठमांडू, मनिला. शिपाई ती कार्डं स्टाफरूममध्ये आणून टेबलावर आपटायचा. "मॅडम, तुमचे पाहुणे आले बघा. या वेळी जपानहून." भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विचारायचे, "जेवायला थांबणारेत का?" इंदूबाई प्रत्येक कार्डाला उत्तर द्यायच्या. प्रती संपल्या तेव्हा त्यांनी झेरॉक्स पाठवल्या.

निबंध किल्लारीचा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा इंदूबाई एकतीस वर्षांच्या होत्या. प्रतिकारशक्ती हा पीएच.डी.चा विषय होता, पण नेमका प्रश्न ठरत नव्हता. ढिगाऱ्यातून काढलेल्या हजारो जखमींना त्या आठवड्यात धनुर्वाताची लस टोचली गेली. इंदूबाईंचे मार्गदर्शक शरदचंद्र सेलूकर यांनी त्यांना बोलावून सांगितलं, "एकाच आठवड्यात एवढ्या माणसांना एकच लस. कुणाच्या शरीरानं किती प्रतिसाद दिला, हे मोजायची वेळ पुन्हा येणार नाही. आणि रक्त घेशील तिथं दुसरा डोस देऊनच परत यायचं. नुसतं घेऊन यायचं नाही."

नोव्हेंबरात त्या जीपने भूकंपग्रस्तांना राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. बर्फाच्या पेटीत नळ्या, सोबत एक परिचारिका आणि छापील फॉर्म. एकशे अठरा बायकांचं रक्त घेतलं, प्रत्येकीला दुसरा डोस दिला. फॉर्मवरचा पाचवा प्रश्न असा होता: येथील उपकेंद्रात पूर्वी धनुर्वाताची लस घेतली होती काय? साठ जणींचं उत्तर हो आलं, अठ्ठावन्न जणींचं नाही. उपकेंद्राचं जे रजिस्टर ढिगाऱ्यातून निघालं, ते याच उत्तरांशी जुळलं.

पूर्वी लस घेतलेल्यांच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडं भरपूर निघाली. ते अपेक्षितच होतं, कारण शरीराला जुनी ओळख असते. आश्चर्य दुसऱ्या गटाचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा लस घेतलेल्या अठ्ठावन्न जणींपैकी तेवीस जणींत एकाच डोसनंतर पुरेशी प्रतिपिंडं सापडली. पहिल्या डोसला शरीर सहसा इतकं उत्तर देत नाही. म्हणून तर दुसरा डोस लागतो.

"चाळीस टक्के?" सेलूकर सर म्हणाले होते. "जास्त वाटतं."

इंदूबाईंनी खुलासा शोधला. धनुर्वाताचे जंतू शेणात आणि मातीत असतात. या बायका लहानपणापासून शेणामातीत काम करतात. जंतूंची थोडी थोडी ओळख त्यांच्या शरीराला आधीच झालेली असावी आणि लसीचा एक डोस त्यांना पुरत असावा. खुलासा सुबक होता. तो सरांना आवडला, नियतकालिकाला आवडला आणि त्रेचाळीसपैकी तीसेक निबंधांनी नेमका तोच उचलला. २००१ साली आपत्तीत मदत करणाऱ्या एका संस्थेने आपल्या पुस्तिकेत एक ओळ घातली: मनुष्यबळ अपुरं असल्यास शेतात राबणाऱ्या ग्रामीण स्त्रियांना दुसऱ्या डोससाठी शोधून काढणं शेवटी ठेवावं. ओळीखाली संदर्भ होता कंधारकर आणि सेलूकर, १९९७. पुस्तिका आली त्या दिवशी इंदूबाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

तोपर्यंत लातूर बदललं होतं. उद्योग भवनाच्या आसपास दर दुसऱ्या इमारतीवर शिकवणीची पाटी लागली होती. मराठवाड्यातून आणि बाहेरूनही मुलं येत, खोल्या घेऊन राहत आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करत. पुष्कळ मुलांबरोबर आयाही येत. शेती, घर, नवरा गावाकडे सोडून आई दोन वर्षं लातूरला एका खोलीत राहायची आणि लेकराला दोन वेळचं रांधून घालायची.

इंदूबाईंचा एक जुना विद्यार्थी, मुकुल, तिथे जीवशास्त्राचा वर्ग चालवत होता. २००६ च्या जानेवारीत त्याने बाईंना एका रविवारी बोलावलं. "मॅडम, प्रतिकारशक्तीचा धडा मी शिकवतोच. पण ज्यांनी खरंच रक्त काढलंय असं माणूस पोरांना एकदा बघू द्या." इंदूबाई सकाळच्या एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला गेल्या.

वर्गात दोनशेवर मुलं होती. बाईंनी किल्लारीचं उदाहरण दिलं, तेवीस जणींचा आकडा सांगितला, शेणामातीचा खुलासा सांगितला. मुलांनी तो लिहून घेतला. वर्ग सुटल्यावर दोन वेण्यांची एक मुलगी टेबलाशी आली. नाव शिल्पा, गाव किल्लारी.

"मॅडम, आमची आई हाय त्यात. तिचं रक्त घेतलं होतं नांदेडच्या बाईंनी. ती सांगती नेहमी."

"आई कुठे असते?"

"हितंच. मागच्या गल्लीत. मला करून घालायला आलीय."

इंदूबाई लगेच निघाल्या. बारा वर्षांनी आपल्या अभ्यासातलं कुणी भेटतंय, याचाच त्यांना आनंद होता. खोली दहा बाय दहाची. शिल्पाची आई लक्ष्मीबाई स्टोव्हवर भाकरी भाजत होत्या. त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं.

"तुमीच व्हय? तवा लई बारीक हुता. माजी शीर सापडंना, तर घामाघूम झालता. म्या म्हनलं, बाईलाच सलाईन लावावं लागतंय आता."

इंदूबाई हसल्या. निघता निघता त्यांनी सहज विचारलं, "शेडमध्ये टोचली, ती तुमची पहिलीच सुई ना?"

"न्हाई बा. दोन आधी घेतल्याल्या. हिच्या टायमाला."

"शिल्पाच्या वेळी? कुठे?"

"माहेरी. चाकूरकडं. पयलं बाळंतपन माहेरीच असतंय की. सातव्या म्हैन्यात नेलं मला, एक सुई तवा, एक म्हैन्यानं."

इंदूबाई पुन्हा खाली बसल्या. "मग त्या वेळी मला सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलं, हितल्या दवाखान्यात सुई घेतली का. हितं न्हाई घेतली, म्हनून न्हाई म्हनले." लक्ष्मीबाईंनी भाकरी उलटली. "घरातली तीन मानसं गेलती, मॅडम. तुमाला माहेरच्या गोष्टी कशाला सांगत बसू?"

"आई, गप की," शिल्पा म्हणाली.

"का गप? इचारलं म्हनून सांगायलेय. जेवता का, मॅडम? गरम हाय."

इंदूबाई जेवल्या. काय जेवलो, हे त्यांना आठवत नाही. आठवतं ते वेगळंच. त्यांचा स्वतःचा मुलगा १९८८ साली उदगीरला जन्मला, त्यांच्या माहेरी. दोन्ही सुया त्यांनी तिथेच घेतल्या होत्या. नांदेडच्या दवाखान्यात त्याची नोंद कधीच नव्हती. पाचवा प्रश्न लिहिताना हे त्यांना सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण ते इतकं रोजचं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे न सांगता सगळ्यांना ठाऊक असतं आणि ठाऊक असलेलं कुणी फॉर्मवर छापत नाही.

एका बाईच्या दोन सुयांनी निबंध पडत नाही. पण तेवीसपैकी किती जणी लक्ष्मीबाईंसारख्या होत्या? त्या बऱ्याच निघाल्या तर शेणामातीचा खुलासा जाणार होता, पुस्तिकेतली ओळ चुकीची ठरणार होती आणि त्या ओळीपायी कुठेतरी कुणाचा तरी दुसरा डोस राहून जाणार होता. शिवाय याच वर्षी इंदूबाईंची प्रपाठकपदाची मुलाखत होती. अर्जात त्यांनी त्रेचाळीस हा आकडा अधोरेखित केला होता.

सोमवारी संध्याकाळी त्या सेलूकर सरांच्या घरी गेल्या. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला.

"इंदू, मी तुला विचारलं होतं, चाळीस टक्के कसे?"

"हो, सर."

"तू खुलासा दिलास. तो मला आवडला. आवडला म्हणून मी पुढे विचारलं नाही. तेव्हा ही चूक निम्मी माझी. आता रडत बसू नकोस. त्या तेवीस जणी शोध."

"मुलाखत जूनमध्ये आहे, सर. आकडा अर्जात आहे."

"मग जूनमध्ये काय सांगायचं ते जूनमध्ये ठरव. आधी खरं काय ते तुझं तुला तर कळू दे. आणि नुसत्या तेवीस नव्हे. अठ्ठावन्नही शोध. नाहीतर म्हणतील, हिला हवं होतं तेच हिनं विचारलं."

शनिवार-रविवार, मग उन्हाळ्याची सुट्टी, असे दहा महिने गेले. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांत त्या जीपने जात, बायकांना भेटत आणि या वेळी प्रश्न बदललेला होता: तुमचं पहिलं मूल कुठे जन्मलं? बायका खुशीत सांगत. माहेरचा विषय निघाल्यावर चहा आपोआप होई. पण तोंडचं सांगणं पुराव्याला पुरत नाही. माहेरच्या उपकेंद्राचं रजिस्टर हवं. तिथे दुसरी अडचण होती. लग्नात नाव बदललेलं. लक्ष्मीबाईंची नोंद चाकूर तालुक्यात नागुबाई म्हणून असणार होती आणि ती बापाच्या नावानेच सापडणार होती.

ते उपकेंद्र नव्या इमारतीत गेलं होतं. जुनी रजिस्टरं जाळली, असं तिथल्या परिचारिकेने सांगितलं. मग थांबून म्हणाली, "रामकिशनमामांना विचारून बघा. निवृत्त शिपाई. गावातच आहेत."

रामकिशन यांनी बाईंना ओसरीवर बसवलं आणि आतून पत्र्याची एक पेटी ओढत आणली. सोळा रजिस्टरं. कडा उंदरांनी कुरतडलेल्या.

"जाळायला दिलती. मी म्हनलं, जाळतो. आन् घरी आनली."

"का, मामा?"

"आमच्या सिस्टरचं अक्षर लई बेकार. त्या टोचायच्या, नावं मी लिवायचो. सोळा वर्षं. माजंच अक्षर हाय की हे. जाळू कसं?"

अक्षर खरोखर सुरेख होतं. गर्भवतीचं नाव, बापाचं नाव, सासरचं गाव, तारीख. नागुबाई एकोणतीस नंबरच्या पानावर मिळाली. दोन तारखा, सव्वा महिन्याच्या अंतराने.

"अजून किती हुडकायच्यात?" रामकिशन यांनी विचारलं. बाईंनी यादी दाखवली. औसा, निलंगा, देवणी, दोन तर सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या. रामकिशन यांनी यादी दोनदा वाचली. "साहेब लोकांला इचारू नका. बदल्या झाल्यात सगळ्यांच्या. शिपायाला इचारा. शिपाई तिथंच असतोय." त्यांनी ओळखीच्या नऊ शिपायांना चिठ्ठ्या लिहून दिल्या, प्रत्येक चिठ्ठी वेगळी. कुणाला दम, कुणाला विनंती, एकाला फक्त, 'ह्या बाई आपल्याच हायत.' जिल्हा कार्यालयातून सहा आठवड्यांत एक उत्तर आलं होतं. चिठ्ठ्यांनी महिन्याभरात अकरा नोंदी मिळवून दिल्या.

आकडे जमले ते असे. तेवीसपैकी वीस जणी सापडल्या. त्यांतल्या अठरा जणींनी माहेरी सुया घेतल्या होत्या, चौदा जणींच्या लेखी नोंदी मिळाल्या. बाकीच्या पस्तीसपैकी एकतीस सापडल्या, त्यांत माहेरी सुई घेतलेल्या तीनच. या सगळ्या वजा केल्यावर खरोखर कधीच लस न घेतलेल्या तीस जणी उरल्या आणि एका डोसनंतर संरक्षण मिळालेल्या त्यांच्यात फक्त दोन. अठ्ठावन्नात तेवीस नव्हे, तिसांत दोन. शेणामातीने काहीही केलं नव्हतं. शरीराला जुनी ओळख होती ती लसीचीच.

जूनमधली मुलाखत या मोजणीच्या मध्येच आली. समितीतल्या एका सदस्याने कौतुकाने त्या निबंधाचा विषय काढला. इंदूबाईंनी सांगितलं की त्यात चूक असावी असा संशय आहे, तपास चालू आहे, तो पूर्ण होईपर्यंत त्रेचाळीस हा आकडा धरू नये. सदस्याने विचारलं, "हे कुणी उघडकीला आणलं?"

"त्यातल्याच एका बाईंनी."

"म्हणजे डॉक्टर?"

"नाही. शेती करतात."

त्या वर्षी पद दुसऱ्याला मिळालं. इंदूबाईंना ते तीन वर्षांनी मिळालं. उशिराचं कारण दुरुस्ती होती की नाही, हे कुणी लेखी दिलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

दुरुस्ती २००८ च्या मार्चमध्ये छापून आली, एका पानाची. सेलूकर सरांनी दुसऱ्या लेखकाच्या जागी आपलं नाव ठेवायचा आग्रह धरला. "चांगल्या निबंधावर माझं नाव चाललं, मग चुकीवर का नको?" आभाराच्या ओळीत लक्ष्मीबाई, शिल्पा, मुकुल आणि रामकिशन या चौघांची नावं होती आणि रामकिशन यांच्यापुढे हुद्दा होता: नोंदलेखक. नियतकालिकाच्या संपादकांनी कळवलं की आभारात सहसा शास्त्रज्ञांची नावं असतात. इंदूबाईंनी उत्तर दिलं की या चौघांशिवाय दुरुस्ती झालीच नसती. नावं तशीच छापली गेली. लक्ष्मीबाईंनी तेव्हा विचारलं होतं, "माजं कोनतं नाव घालताव?" दोन्ही घातली.

मग इंदूबाईंनी त्रेचाळीस निबंधांच्या लेखकांना पत्रं पाठवली. सायबर कॅफेत बसून, पत्ते शोधून, एकेकाला वेगळं. तुम्ही ज्या निबंधाचा आधार घेतला त्यात अशी चूक होती, ती अशी सापडली. एकोणीस जणांची उत्तरं आली. बहुतेकांनी दोन ओळींत आभार मानले. एक रागावला. नेपाळमधल्या एका संशोधक स्त्रीने मात्र लांबलचक लिहिलं: आमच्याकडेही मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात आणि आमच्या फॉर्मवरही तोच प्रश्न आहे. आम्ही आमची रजिस्टरं पुन्हा काढली आहेत.

जुना निबंध त्यानंतरही अकरा वेळा चुकीच्या मुद्द्यासाठी उद्धृत झाला. छापलेलं मागे घेता येत नाही, फक्त त्याच्या मागून चालत राहावं लागतं, असं इंदूबाई म्हणतात. पण दुरुस्तीच्या एका पानाचा संदर्भ हळूहळू येऊ लागला. आधी नेपाळच्या निबंधात, मग इतरांच्या. लसीकरणाच्या पाहण्यांत 'पहिलं मूल कुठे जन्मलं' हा प्रश्न दिसू लागला आणि त्याच्याशेजारी बारीक अक्षरात कंधारकर आणि सेलूकर, २००८. हे पान आजवर एकशे सात ठिकाणी उद्धृत झालं आहे. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी या आकड्याचा उल्लेख केला, तेव्हा इंदूबाईंनी भाषणात निम्मा वेळ चिठ्ठ्या लिहिणाऱ्या रामकिशन यांना दिला. ते पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजल्यावर मागे वळून पाहिलं त्यांनी, कुणासाठी वाजल्या म्हणून.

राहिली होती ती मदतपुस्तिका. संस्थेला इंदूबाईंनी सात वर्षांत पाच पत्रं लिहिली. २०१६ साली नवी आवृत्ती निघाली. जुनी ओळ गेली होती. तिच्या जागी होतं की दुसरा डोस प्रत्येकीला द्यावा आणि आधीच्या लसीची चौकशी करताना माहेरच्या गावाचंही नाव विचारावं. संदर्भ क्रमांक त्रेसष्ट: कंधारकर आणि सेलूकर, २००८.

ती प्रत घेऊन इंदूबाई किल्लारीला गेल्या. शिल्पा तोपर्यंत उदगीरला पशुवैद्यकीचं शिक्षण संपवून नोकरीला लागली होती. लक्ष्मीबाईंनी पुस्तिका हातात घेतली, मागची-पुढची पानं चाळली.

"एवढ्याशा वळीसाठी येवढी वर्षं?"

"हो."

"आन् ही वळ वाचून तितं कुनी सुई देतंय?"

"देतात, असं कळवलंय त्यांनी. दोन ठिकाणांहून."

"मंग बरं." त्यांनी पुस्तिका परत दिली. "मॅडम, तवा माज्यावर रागावला न्हाईत, ते बरं केलं. मला वाटलं हुतं, आता ह्या बाई बोलत्यात. चार दिवस झोप न्हाई आली."

"मी रागावणार? माझ्या सगळ्या अभ्यासात तुम्ही एकट्यांनीच मला बरोबर उत्तर दिलं. प्रश्न माझा चुकला होता."

आत सून शिवकांता बॅग भरत होती. सातवा महिना लागला होता आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ न्यायला येणार होता, नायगावकडे. लक्ष्मीबाईंनी तिला हाक मारली, "शिवे, ते आन गं." तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कार्ड आणि त्याची झेरॉक्स आणली.

"दोनी सुया हितंच देऊन घेतल्या," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "कार्ड तिच्यासंगं जाईल. झेरॉक्स हितं ऱ्हाईल. उद्या कुनी रक्त काढायला आलं, तर परत्येक वेळी मी थोडीच हाय सांगायला?"

इंदूबाईंनी झेरॉक्स उजेडात धरली. दोन्ही तारखा स्वच्छ वाचता येत होत्या.